तीव्र डोकेदुखीचा रुग्ण रुग्णवाहिकेत: दारापासून सीटी स्कॅनपर्यंतचा क्रम आणि नेहमीच्या चुका

तीव्र डोकेदुखीच्या रुग्णाकडे रुग्णवाहिका पोहोचते तोपर्यंत घरच्यांनी आजाराला नाव देऊन टाकलेले असते. उलटी झाली असेल तर ‘पित्त’, शेजारच्या यंत्रावर रक्तदाब जास्त आला असेल तर ‘बीपी’, आणि रुग्ण तरुण स्त्री असेल तर ‘हिला अर्धशिशीचा त्रास आहेच’. ही नावे पुष्कळदा बरोबरही निघतात आणि म्हणूनच ती फसवतात. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला रुग्णही उलट्या करतो, त्याचाही रक्तदाब चढलेला असतो, आणि वर्षानुवर्षे अर्धशिशी असलेल्या स्त्रीच्या मेंदूतही एखाद्या दिवशी गुठळी अडकू शकते.

डोकेदुखीचे अंतिम निदान रुग्णवाहिकेत होत नाही आणि ते करण्याचा अट्टहासही नको. तेथे तीन कामे करायची असतात. वाटेतच उपाय करता येईल असा धोका ओळखायचा, दुखणे केव्हा आणि कसे सुरू झाले याची नोंद ते पाहणारी माणसे समोर असतानाच करून घ्यायची, आणि रुग्णाला अशा रुग्णालयात न्यायचे जिथून त्याला पुन्हा दुसरीकडे पाठवावे लागणार नाही. यांपैकी दुसरे काम सर्वांत जास्त वेळा बिघडते, म्हणून खाली त्यालाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

हा लेख १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरील डॉक्टर, खासगी रुग्णवाहिकांवरील तंत्रज्ञ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण पुढे पाठवणारे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. औषधांच्या मात्रा, वेगळे सांगितलेले नसेल तिथे, प्रौढांच्या आहेत. आपल्या सेवेची लेखी कार्यपद्धती वेगळी असेल तर ती पाळावी, आणि ज्यांना इंजेक्शन देण्याचा अधिकार नाही त्यांनी औषधांचा भाग डॉक्टरांच्या सूचनेशिवाय वापरू नये.

१. निघताना: साहित्य आणि एक फोन

डोकेदुखीचा कॉल म्हणजे किरकोळ कॉल, या समजुतीने अर्धी पिशवी गाडीतच राहते आणि मग तिसऱ्या मजल्यावरून पायलटला (चालकाला) पुन्हा खाली धाडावे लागते. रुग्णापर्यंत सोबत न्यायच्या वस्तू अशा: चालू स्थितीतील ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या, थर्मामीटर, बाहुल्या पाहण्यासाठी छोटा टॉर्च, रक्तदाबाचे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, पिशवीचा ऑक्सिजन मास्क आणि सिलिंडर, सक्शन, उलटीसाठी पिशव्या. औषधांमध्ये शिरेतून द्यायचे पॅरासिटामॉल, ऑन्डान्सेट्रॉन, मिडाझोलाम, २५ टक्के डेक्स्ट्रोज आणि मॅग्नेशियम सल्फेट लागते. मॅग्नेशियमच्या शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवलेले असावे. ते शोधायची वेळ येते तेव्हा शोधण्यास वेळ नसतो.

गाडी निघताच कॉल करणाऱ्याला फोन लावावा आणि चार प्रश्न विचारावेत. रुग्ण शुद्धीवर आहे का? दुखणे किती वाजता सुरू झाले? रुग्ण गरोदर किंवा बाळंतीण आहे का? घरात आणखी कोणाचे डोके दुखते आहे का? सूचनाही याच फोनवर द्याव्यात: रुग्णाला काही खायला-प्यायला किंवा कोणतीही गोळी देऊ नये, उलटी होत असेल तर कुशीवर निजवावे, चालू औषधांची पाकिटे एकत्र काढून ठेवावीत आणि दुखणे सुरू होताना जवळ असलेल्या माणसाने घरीच थांबावे.

२. उंबऱ्याशी: आधी जागा पाहा

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले असेल, किंवा रुग्ण न्हाणीघरात आढळला असेल, तर डोकेदुखीचे कारण मेंदूत नसून हवेत असू शकते. खिडकी नसलेल्या लहान न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, दुकानाच्या आत चालवलेला जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे म्हणजे आपल्या बोलीतले ‘पित्त’च.

अशा ठिकाणी पथकातील कोणीही आत रेंगाळू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, ज्योत बंद करावी आणि रुग्णाला मोकळ्या हवेत आणून मगच तपासावे. पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन लगेच सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास सुमारे चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

इशारा: कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत साधा पल्स ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ टक्केही दाखवतो, कारण त्या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. आकडा चांगला आहे म्हणून ऑक्सिजन काढू नये.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात काम करून आलेल्या माणसाचे डोके दुखत असेल आणि तो बरळत असेल, तर शरीराचे तापमान आधी मोजावे. ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान आणि बिघडलेली शुद्ध म्हणजे उष्माघात, आणि तेथे अंग गार करणे हे रुग्ण हलवण्याच्याही आधीचे काम आहे.

३. पहिली दोन मिनिटे

इतिहास विचारण्यापूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध हा नेहमीचा क्रम पूर्ण करावा. रुग्ण विव्हळत बोलतो आहे म्हणजे हे सगळे ठीक आहे असे गृहीत धरले जाते आणि ग्लुकोज मोजायचे राहून जाते. डोकेदुखीसोबत शुद्धीत किंवा वागण्यात थोडाही बदल असेल तर ग्लुकोज याच टप्प्यात मोजावे, आणि ते डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली शिरेतून द्यावी. त्यातून २५ ग्रॅम साखर जाते.

जीसीएस, म्हणजे डोळे, बोलणे आणि हालचाल यांच्या प्रतिसादावरून ३ ते १५ मध्ये मोजलेला शुद्धीचा गुण, आकड्यात लिहावा, आणि तोही या तीन भागांत फोडून. ‘ड्राउझी’ या एका शब्दावरून अर्ध्या तासानंतर रुग्ण सुधारला की बिघडला हे कोणालाही सांगता येत नाही. दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद पाहावा. चेहरा वाकडा होतो का, दोन्ही हात उचलून धरता येतात का, बोलणे अडखळते का, हे तिन्ही तपासून ३० सेकंदांत संपते.

पडताळणी: जीसीएस १३ किंवा त्याहून कमी, एक बाहुली मोठी आणि न हलणारी, एका बाजूची कमजोरी, चालू असलेली आकडी, किंवा रक्तदाब वाढत असताना नाडी मंदावणे यांपैकी एकही गोष्ट असेल तर पुढचा इतिहास गाडीत घ्यावा. अशा रुग्णाच्या घरी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, मात्र दुखणे सुरू होताना पाहणारा माणूस गाडीत सोबत घ्यावा.

४. सुरुवात शोधणे

‘डोके किती दुखते, एक ते दहामध्ये सांगा’ हा प्रश्न सगळे विचारतात. रुग्णालयातील डॉक्टरला त्याचा उपयोग थोडा असतो, कारण अर्धशिशीचा रुग्णही दहा सांगतो आणि रक्तस्रावाचा रुग्णही. उपयोग असतो तो दुखणे शून्यापासून कळसाला किती वेळात पोहोचले याचा. धमनीवरचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरते तेव्हा वेदना सहसा सेकंदांत किंवा मिनिटभरात टोक गाठते. अर्धशिशी बहुतेक वेळा चढत जाते आणि तिला बराच अवधी लागतो.

पण ‘अचानक दुखायला लागले का?’ असे विचारले की जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘हो’ म्हणतो. मराठीत ‘अचानक’ म्हणजे ‘मी वाट पाहत नव्हतो तेव्हा’ असाही अर्थ होतो. म्हणून प्रश्न बदलावा: “दुखणे सुरू झाले त्या क्षणी तुम्ही नेमके काय करत होता?” बादली उचलत होतो, शौचाला बसलो होतो, बसमध्ये चढत होते, असे क्षण नेमका सांगणारे उत्तर आले तर सावध व्हावे. ‘सकाळपासून जरा जड होते, दुपारी वाढले’ असे उत्तर आले तर दुखणे चढत गेले आहे. दुसरा प्रश्न: “ते सर्वांत जास्त व्हायला किती वेळ लागला? हातातले काम पुरे करता आले का?” तिसरा: “असे दुखणे पूर्वी कधी झाले होते का, आणि आजचे त्यासारखेच आहे की वेगळे?” जुन्या अर्धशिशीच्या रुग्णाने ‘हे नेहमीचे नाही’ म्हटले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. स्वतःच्या डोकेदुखीची ओळख आपल्यापेक्षा त्याला अधिक असते.

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘डोक्यात काहीतरी फुटल्यासारखे झाले’, ‘कोणीतरी मागून घण घातला’, ‘वीज चमकल्यासारखी कळ आली’ ही वाक्ये ‘तीव्र डोकेदुखी, उलट्या दोन’ अशा नोंदीत रूपांतरित झाली की त्यांतला सगळा अर्थ निघून जातो.

शुद्धीवर असलेल्या, इजा न झालेल्या आणि नवीन तीव्र डोकेदुखी तासाभरात टोकाला पोहोचलेल्या १६ वर्षांवरील रुग्णासाठी ओटावा नियम हाताशी ठेवण्याजोगा आहे. वय ४० किंवा अधिक, मान दुखणे किंवा आखडणे, कोणीतरी पाहिलेली बेशुद्धी, श्रम करताना सुरुवात, क्षणात टोकाला गेलेली वेदना, आणि तपासताना मान पुढे पुरेशी न वाकणे, यांपैकी एकही उत्तर ‘हो’ असेल तर मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची शक्यता तपासलीच पाहिजे. हा नियम धोक्याचे रुग्ण सुटू नयेत म्हणून आहे. तो ‘हो’ आला म्हणजे रक्तस्राव झालाच असे नाही, कारण निर्धोक रुग्णांपैकीही बहुतेक जण त्यात अडकतात.

घड्याळाची वेळ नोंदवणे वेगळे. ‘सकाळी’ ही वेळ नव्हे. आकाशवाणीच्या बातम्या, नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळेची बस, मोबाइलवरचा शेवटचा कॉल यांच्या आधाराने वेळ काढता येते. दुखणे सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत केलेला सीटी स्कॅन मेंदूभोवतीचा रक्तस्राव पकडण्यात अतिशय विश्वासार्ह असतो आणि त्यानंतर ती खात्री कमी होत जाते. पक्षाघाताची लक्षणे असतील तर ‘शेवटचा धडधाकट कधी पाहिला’ ही वेळ हवी, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली असतील तर उठण्याची नव्हे, झोपण्यापूर्वीची वेळ लिहावी.

यानंतर औषधांचे आणि मागच्या आठवड्यांचे प्रश्न. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? दोन-चार आठवड्यांत दुचाकीवरून किंवा न्हाणीघरात पडणे झाले का? वृद्ध माणसाच्या डोक्यात हळूहळू साचणारे रक्त किरकोळ वाटलेल्या धडकेनंतर कित्येक दिवसांनी त्रास देते, आणि ती धडक घरात कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते. कर्करोग, एचआयव्ही, क्षयरोग आहे का? आज मेडिकलच्या दुकानातून आणून काय घेतले? सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते मोजणीत धरावे.

पाळीच्या वयातील प्रत्येक स्त्रीला, एकांतात, तीन प्रश्न विचारावेत: शेवटची पाळी कधी आली, गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण किंवा गर्भपात झाला का, आणि कोणत्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का. तिसरा प्रश्न गर्भनिरोधक गोळ्यांपुरता मर्यादित ठेवू नये. गणपती, लग्न किंवा यात्रा आली की पाळी पुढे ढकलण्यासाठी गोळ्या घेतल्या जातात, त्या अनेकदा चिठ्ठीशिवाय आणलेल्या असतात, आणि त्यांना कोणी ‘औषध’ समजत नाही. म्हणून ‘काही औषध चालू आहे का’ याचे उत्तर ‘नाही’ येते. अशा गोळ्या, बाळंतपणानंतरचा काळ आणि शरीरातील पाणी कमी होणे यांत मेंदूतील शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. ही डोकेदुखी काही दिवस वाढत जाणारी असते, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त होते, आणि मग एके दिवशी आकडी येते. बाळंतिणीला पाणी कमी पिऊ देण्याची जुनी रीत जिथे टिकून आहे तिथे हे अधिक ध्यानात ठेवावे.

५. हाताने तपासणे

डोक्याला बांधलेले फडके सोडावे आणि कपाळावरचा सुंठीचा लेप किंवा बाम पुसून घ्यावा. फडक्याखाली जखम किंवा सूज निघू शकते. पन्नाशीपुढच्या रुग्णाच्या कानशिलावरची धमनी जाड आणि हात लावताच दुखणारी लागली, चावताना जबडा दुखत असला किंवा नजर अंधुक झाली असली, तर दृष्टी जाण्याचा धोका आहे आणि त्याची तातडी दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरत नाही.

मान तपासताना रुग्णाला पाठीवर निजवावे आणि हनुवटी छातीला लागते का ते हळुवार पाहावे. मान उजवी-डावीकडे वळते म्हणून ती ‘मऊ’ आहे असे लिहिणे ही नेहमीची चूक आहे, कारण आखडलेपणा पुढे वाकवताना कळतो. रक्तस्रावानंतर मान आखडण्यास काही तास लागू शकतात आणि गाढ बेशुद्धीत ती आखडलेली लागतच नाही. इजेची शंका असेल तर मान वाकवून पाहू नये.

ताप मोजावा. ताप, डोकेदुखी, आखडलेली मान किंवा बदललेली शुद्ध हे एकत्र आले तर मेंदूच्या आवरणाचा दाह समजून चालावे, पथकाने मास्क लावावा आणि रुग्णालाही लावावा. अंगावरचे जांभळट ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील तर एक मिनिटही दवडू नये. पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखीच्या मागे डेंग्यू, मलेरिया, आणि कोकणात भातखाचरात उतरलेल्या माणसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. पोटऱ्या दाबून पाहाव्यात, डोळे लाल आहेत का ते पाहावे.

लाल डोळा फक्त एकाच बाजूचा असेल, बाहुली मध्यम मोठी होऊन प्रकाशाला हलत नसेल आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. हाही उलट्यांमुळे ‘पित्त’ म्हणून घरी बसवला जातो.

आणखी एक तपासणी जवळजवळ नेहमीच राहते. शुद्धीवर असलेल्या, हातपाय चालणाऱ्या आणि केवळ डोकेदुखी, उलट्या व चक्कर सांगणाऱ्या रुग्णाला दोन्ही बाजूंनी आधार देऊन उठवून बसवावे. लहान मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण आडवा असताना पूर्ण ठीक दिसतो, पण त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, किंवा उभे केल्यावर तो एका बाजूला कलंडतो.

ईसीजी काढावा, मात्र तो वाचताना सावध असावे. मेंदूभोवतीच्या रक्तस्रावात खोल उलट्या टी लहरी आणि एसटीचे बदल, म्हणजे हृदयविकारासारखे वाटणारे बदल, दिसू शकतात.

इशारा: सुरुवात डोकेदुखीने झाली आणि छातीत दुखत नाही, तर केवळ ईसीजी पाहून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा हेपारिन देऊ नये. सीटी स्कॅनपूर्वी दिलेली ती मात्रा परत काढता येत नाही.

६. कुठे न्यायचे

जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय हे बहुतेक तालुक्यांत एक नसते. क्षणात सुरू झालेली वेदना, मज्जासंस्थेचे कोणतेही लक्षण, बेशुद्धी, आकडी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असताना झालेली इजा, यांत जिथे सीटी स्कॅन त्या वेळी चालू आहे अशा ठिकाणीच न्यावे. यंत्र आहे पण रात्री तंत्रज्ञ नाही, ही स्थिती फोन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून निघण्याआधी नियंत्रण कक्षामार्फत विचारावे, आणि शक्य असेल तर न्यूरोसर्जन उपलब्ध असलेले जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय निवडावे. श्वासमार्ग सांभाळता येत नसेल, आकडी थांबत नसेल किंवा रक्तदाब कोसळत असेल, तरच वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात थांबावे. गरोदर स्त्रीसाठी सीटीइतकीच प्रसूतितज्ज्ञाची खात्री करावी.

७. उपचार: काय, कोणत्या क्रमाने

डोक्याकडची बाजू ३० अंश उचलावी, मान सरळ ठेवावी आणि गळ्याभोवतीचे घट्ट कपडे सैल करावेत. उलटी होत असेल किंवा शुद्ध कमी असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली असेल तरच द्यावा. अपवाद दोन: कार्बन मोनॉक्साइड, आणि एका डोळ्याभोवती असह्य दुखून त्याच डोळ्यातून पाणी येणारी, रुग्णाला येरझारा घालायला लावणारी क्लस्टर डोकेदुखी, जिच्यात मिनिटाला १२ ते १५ लिटर ऑक्सिजन १५ मिनिटे हाच उपचार आहे.

उलटी आधी थांबवावी, कारण प्रत्येक ओकारीबरोबर डोक्यातील दाब वाढतो. ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यावे. नेहमीची अर्धशिशी वाटत असेल आणि धोक्याचे एकही लक्षण नसेल तर मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम १५ मिनिटांत द्यावे. भरकन दिल्यास रुग्ण बेचैन होतो, तरुणांत मान व जबडा वाकडा होतो, आणि पुढचा डॉक्टर त्याला आकडी समजतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल १ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीची बाटली, १५ मिनिटांत शिरेतून द्यावे. ५० किलोखालील व्यक्तीला आणि मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम. आपल्याकडे हात आपसूक डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनकडे जातो. रक्तस्राव किंवा डेंग्यूची शंका, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांत ते टाळावे. आणि डोकेदुखीच्या कॉलमध्ये ही यादी वगळली की फार थोडे रुग्ण उरतात. ट्रॅमाडॉलने उलट्या वाढतात आणि आकडीची शक्यता वाढते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

इशारा: औषधाने दुखणे थांबले म्हणजे कारण किरकोळ होते, असे नाही. फुटलेल्या फुग्याची डोकेदुखीही वेदनाशामकाने कमी होते. ‘इंजेक्शनने बरे वाटले’ ही नोंद निदान नसते.

रक्तदाबाबाबत हात आखडता घ्यावा. वेदना, भीती आणि मेंदूवरचा दाब यांनी तो चढतो. जिभेखाली निफेडिपिन फोडून घालण्याची सवय अजून सुटलेली नाही. त्याने दाब अनियंत्रितपणे कोसळतो आणि रक्ताला आधीच पारखा झालेला मेंदूचा भाग कायमचा जातो. सीटीपूर्वी, वरिष्ठ डॉक्टरांच्या सूचनेशिवाय, गाडीत रक्तदाब उतरवू नये.

याला ठळक अपवाद गरोदर स्त्रीचा. २० आठवड्यांनंतर किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत, १४०/९० किंवा अधिक रक्तदाबासोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असेल तर ती आकडीची पूर्वसूचना समजावी. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम असे एकूण १० ग्रॅम, खोल स्नायूत द्यावे. २ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असते, म्हणजे दर बाजूला पाच अँप्यूल. देण्यापूर्वी श्वास मिनिटाला १६ पेक्षा जास्त आहे आणि गुडघ्याचा झटका मिळतो याची खात्री करावी. नंतर श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून सावकाश द्यावे. दाब १६०/११० किंवा त्यावर असेल तर निफेडिपिन १० मिलिग्रॅम गिळायला, किंवा दमा नसल्यास लॅबेटालॉल २० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यावे. उद्दिष्ट १४०-१५०/९०-१०० पर्यंतच. त्याखाली आणल्यास बाळाचा रक्तपुरवठा घटतो.

आकडी चालूच असेल आणि रुग्ण गरोदर नसेल तर मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे (४० किलोवरील व्यक्तीस). आकडीत शीर शोधत बसू नये. जांभळे ठिपके असलेल्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात, रुग्णालय दूर असेल आणि अ‍ॅलर्जीचा इतिहास नसेल, तर सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून द्यावे, मात्र त्यासाठी गाडी थांबवून ठेवू नये.

८. वाटेत

शुद्ध, बाहुल्या, नाडी, रक्तदाब दर दहा मिनिटांनी, आणि स्थिती डळमळीत असेल तर दर पाच मिनिटांनी, वेळेसह लिहावेत. आतले दिवे मंद ठेवावेत. घाटात पायलटला वेगापेक्षा वळणे सावकाश घेण्यास सांगावे आणि सक्शन आधीच चालू करून ठेवावे. एक बाहुली मोठी होऊ लागली किंवा जीसीएस दोन अंकांनी उतरला तर नियंत्रण कक्षाला त्याच क्षणी कळवावे. पिशवीने श्वास देताना घाईत दर मिनिटाला तीस-चाळीस दाब दिले जातात; प्रौढाला दहाच पुरतात. मेंदू दबल्याची उघड चिन्हे असतील तरच तात्पुरते वीसपर्यंत न्यावे.

९. सुपूर्द करताना

पहिल्या वाक्यातच वेळ आणि सुरुवात सांगावी. उदाहरणार्थ: “४६ वर्षांची स्त्री, आज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी कपडे पिळताना क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, नवऱ्याने समोर पाहिली, मिनिटभर शुद्ध हरपली. जीसीएस १४, डोळे ३, बोलणे ५, हालचाल ६. मान पुढे वाकत नाही. रक्तदाब १७०/१००, उपचार केलेला नाही. ग्लुकोज ११८. पॅरासिटामॉल १ ग्रॅम आणि ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम ७ वाजून ५० मिनिटांनी. रक्त पातळ करणारी गोळी नाही.” औषधांची पाकिटे आणि पाहणाऱ्या माणसाचा फोन क्रमांक कागदासोबत द्यावा. तिथे ‘पित्ताची डोकेदुखी, बीपी हाय’ असे सांगितले तर रुग्ण रांगेत मागे जातो, आणि त्या रांगेत त्याला आपणच उभे केलेले असते.

१०. ‘आता बरे वाटतेय, सकाळी नेऊ’

पॅरासिटामॉल संपेपर्यंत वेदना उतरलेली असते, उलटी थांबलेली असते, आणि घरातील वडीलधारे माणूस जाण्याची गरज नाही असे ठरवते. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो, त्यातही सुरुवातीच्या तासांत. हे त्यांना याच शब्दांत सांगावे, आणि ते एकट्या रुग्णाला नव्हे, निर्णय घेणाऱ्या माणसालाही. नियंत्रण कक्षातील डॉक्टरांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. तरीही नकार मिळाला तर रुग्ण पूर्ण शुद्धीवर आणि समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत आहे हे तपासून लिहावे, काय धोका सांगितला ते त्यांच्या भाषेत नोंदवून सही घ्यावी, आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्यावे: दुखणे परत आले, उलटी झाली, बोलणे अडखळले, झोपेतून उठवता आले नाही, तर सकाळची वाट न पाहता १०८. रात्री रुग्णाच्या खोलीत कोण झोपणार आहे ते विचारून त्या माणसाच्या हाती तो कागद द्यावा.